सतरा युक्त्यांचं दार

"आज काहीही चुकणार नाही!" ताईंनी सकाळी नऊ वाजता जाहीर केलं, आणि ते इतकं ठणकावून सांगितलं की ऑफिसातल्या पंख्यानेसुद्धा करकरणं थांबवलं. खरं तर वीज गेली होती. पण ती पाचच मिनिटांत परत आली आणि ताईंनी तेही आपल्याच खात्यावर जमा करून टाकलं.

ताई म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. आधी वीस वर्षं प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवत होत्या. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात वीस वर्षं त्या एकच वाक्य दिवसातून चाळीस वेळा म्हणत होत्या, "हात धुतलेस का?" उत्तर कायम 'हो बाई'! आणि दर महिन्याला निम्मा वर्ग पोट धरून घरी. शेवटी एके दिवशी ताईंनी खडू खाली ठेवला, राजीनामा दिला आणि 'हो बाई'वर अजिबात विश्वास न ठेवणारं एक दार बनवायला घेतलं.

दार दिसायला अगदी साधं. बाथरूममध्ये आत जाताना ते काही म्हणजे काही विचारत नाही. बाहेर येताना मात्र साबण लावून, दोन्ही हात चोळून, वीस सेकंद धुतल्याशिवाय कडी सरकत नाही! नळाखाली एक बारीक डोळा बसवलेला आहे. तो तोंड बघत नाही, नाव विचारत नाही, फक्त हात बघतो. कोणी घाबरलंच तर आत लाल बटण आहे. दाबलं की दार ताबडतोब उघडतं. बारा शाळांत ही दारं बसली आणि त्या बाराही शाळांत पोटदुखीने घरी जाणारी मुलं निम्म्यावर आली.

पण खरी गंमत पुढेच आहे. हात न धुता धुतल्याचा देखावा कसा करायचा, यात पोरांची बुद्धी जेवढी चालते तेवढी गणितात चालली असती तर! ताईंनी वीस वर्षांत पकडलेली प्रत्येक युक्ती एका वहीत टिपून ठेवली होती. एकूण सतरा भरल्या. त्या सगळ्या त्यांनी यंत्राला शिकवल्या. आता कोणी युक्ती केली की दार गप्प बसतं आणि बाहेरच्या पडद्यावर नुसता तिचा क्रमांक उमटतो.

यंत्राला हे शिकवणारे हात मिस्त्रींचे. मिस्त्री म्हणजे कंपनीचे इंजिनिअर. माणूस लाखात एक, पण खोटं बोलण्याच्या कामी कुचकामी! तत्त्व वगैरे काही नाही हो, जमतच नसे. एकदा ताईंनी नको असलेल्या फोनवर 'ताई बाहेर गेल्यात' असं सांगायला लावलं, तर मिस्त्री दोन मिनिटं घाम पुसत उभे राहिले आणि "थांबा, देतो" म्हणून मोकळे झाले.

आता नऊ देशांतल्या तीनशे शाळा या दारासाठी रांगेत होत्या, आणि दारं बनवायला पैसा देणारा गुंतवणूकदार काही भेटत नव्हता. सहा जण येऊन गेले. सहाही जणांनी मान डोलावली, "फार उदात्त कल्पना!" म्हणाले, "कळवतो" म्हणाले आणि गायब झाले. आज सातवे आणि शेवटचे येणार होते. त्यांनी नाही म्हटलं तर महिनाअखेरीस शटर खाली आणि ताई परत 'हात धुतलेस का?'ला हजर! त्याहून वाईट म्हणजे रांगेतल्या एका दूरच्या बेटावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना काय तोंड दाखवायचं? त्या बाई गेलं वर्षभर रोज सकाळी एकच निरोप पाठवत होत्या : 'आमचं दार निघालं का?' ताई रोज उत्तर द्यायच्या, 'निघतंच आहे.' आणि रोज मोबाइल पालथा घालून ठेवायच्या.

सातवे साहेब मात्र साधेसुधे नव्हते. जगाचं भलं करणाऱ्या चौदा कंपन्यांत त्यांचा पैसा होता. कोणी उन्हावर दिवे लावत होतं, कोणी खारं पाणी गोड करत होतं, कोणी डॉक्टर नसलेल्या गावांत मोबाइलवरून हृदयाचे ठोके मोजत होतं. शिवाय 'हातांची स्वच्छता आणि मानवतेचं भवितव्य' या विषयावरचं साहेबांचं भाषण म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी! ताईंनी ते तीनदा ऐकलं होतं. त्यामुळेच तर त्यांना इतकी खात्री होती.

"मिस्त्री, चित्रं आणि आलेख सहा जणांना दाखवून झाले," ताई म्हणाल्या. "या वेळी अनुभव द्यायचा. जुन्या बाथरूमला मी कुलूप घातलंय. वर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावलीय. उरलं फक्त नव्या दाराचं."

"पण साहेबांना जायचंच नसलं तर?"

"म्हणून तर कॉफी!"

"किती?"

"जाईपर्यंत!"

मिस्त्रींनी जुन्या बाथरूमच्या कुलपाकडे पाहिलं. "ताई, मग तुम्ही कुठे जाणार? तुम्ही तर कायम तिकडेच जाता. घाईत तेच बरं पडतं म्हणता."

"मला आज मरायला फुरसत नाही आणि तुमचं काय चाललंय!" ताई म्हणाल्या आणि कप पुसायला लागल्या.

बरोबर अकराला साहेब आले. पांढरा शुभ्र सदरा, चेहऱ्यावर साऱ्या जगाची काळजी. सोबत त्यांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. पैशाच्या पिशवीची एक दोरी साहेबांच्या हातात आणि दुसरी अक्कांच्या, एवढं ताईंना ठाऊक होतं. अक्का बोलल्या काहीच नाहीत. कोपऱ्यातली खुर्ची पकडून त्यांनी पर्समधून विणकाम काढलं.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नऊ देशांतले शाळावाले चौकोनाचौकोनांत येऊन बसले होते. कोणी काही बोललं की खाली त्याचं भाषांतर उमटायचं. बाजूच्या पट्टीत बारा शाळांतल्या बारा दारांची हालहवाल क्षणाक्षणाला दिसत होती, आणि अगदी शेवटी तेरावी ओळ : 'मुख्य कार्यालय.'

ताई बोलायला लागल्या आणि मिस्त्री ओतायला लागले. पहिला कप, दुसरा कप. साहेब दोन्ही वेळा "नको नको" म्हणाले आणि दोन्ही वेळा प्याले. तिसऱ्या कपाला त्यांचा गुडघा हलायला लागला. ताईंनी तो गुडघा बघितला आणि त्यांना आनंदाचं भरतं आलं! चौथा कप अर्धा झाला तसे साहेब मोबाइल कानाला लावत उठले.

"एक मिनिट हं. आपलं ते... कुठे आहे?"

"समोरच, साहेब!" ताई इतक्या उत्साहाने म्हणाल्या की साहेब जरा दचकलेच. दार कसं चालतं, ते मात्र ताईंनी मुद्दामच सांगितलं नाही. पाच वर्षांच्या पोराला आतलं चित्र बघून कळतं, साहेबांना तर कळेलच ना!

दार लागलं. पट्टीवर ओळ उमटली : 'मुख्य कार्यालय – एक मूल आत.'

यंत्र शाळेसाठी बनवलेलं. त्याच्या लेखी जगात फक्त मुलंच असतात. नऊ देश गालातल्या गालात हसले. ताई कौतुकाने पडद्याकडे बघत राहिल्या. आता येईल, 'हात स्वच्छ'. आता येईल...

'युक्ती क्रमांक एक.'

खोलीत सुई पडली असती तर ऐकू आली असती. अक्कांची सुई थांबलीच होती.

"एक म्हणजे काय?" अक्कांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

ताई "एक म्हणजे... तसं काही..." करत होत्या, तेवढ्यात मिस्त्री बोलून बसले. "नळ सोडायचा आणि बाजूला उभं राहायचं. बाहेर फक्त आवाज जातो."

"मिस्त्री!"

"विचारलं म्हणून सांगितलं."

तेवढ्यात दार खडखडलं. "अहो! हे दार अडकलंय!"

ताई धावत दाराशी गेल्या. "साहेब, अडकलं नाहीये. तुम्ही जरा... हात..."

"धुतले की! आत्ताच धुतले!"

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. 'नाही धुतलेत' म्हणावं, तर ज्याच्याकडून पैसा घ्यायचा त्यालाच तोंडावर खोटारडा ठरवायचं. 'बरं, धुतलेत' म्हणावं, तर यंत्र खोटं! आणि मग खोट्या यंत्राला पैसा कोण देणार? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये चार कप कॉफी प्यायलेले साहेब!

"साहेब, यंत्र अजून नवीन आहे ना, जरा लाजतं," ताई गोड आवाजात म्हणाल्या. "पुन्हा एकदा धुवून बघता का?"

आत नळ वाजला. पडद्यावर उमटलं : 'युक्ती क्रमांक दोन.'

"बोटांची फक्त टोकं," मिस्त्रींनी पडद्याशेजारून सगळ्यांना समजावलं.

नऊ देशांत आता लोक खुर्च्या पुढे ओढायला लागले होते. एका चौकोनातल्या मास्तरांनी तर शेजारच्या वर्गातल्या दोन शिक्षकांना बोलावून आणलं.

"आता?" साहेब आतून ओरडले.

"आणखी एकदा, साहेब! दोन्ही हातांनी!"

'युक्ती क्रमांक नऊ.'

"दुसऱ्या हातात काहीतरी आहे," मिस्त्री म्हणाले. "शाळेत गोट्या असतात. इथे मोबाइल असणार."

"हा काय चावटपणा आहे!" आतून आवाज चढला. "मी सकाळी घरून निघतानाच धुतलेत!"

"सतरा," ताईंच्या तोंडून निघून गेलं. वीस वर्षांची सवय! त्यांनी जीभ चावली, पण वेळ गेलेली होती.

"काय म्हणालात?"

"काही नाही साहेब, सतरा... सतरा वेळा माफी मागते!"

आतून विचारणा झाली, "हे लाल बटण कसलं आहे?"

मिस्त्री आता दाराशी येऊन पोचले होते. "ते घाबरलेल्या मुलांसाठी. दाबलंत की दार लगेच उघडेल."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"दाबा ना. बाहेर मोठी घंटा वाजते आणि पडद्यावर 'मूल घाबरलं' असं येतं, एवढंच."

आत बटणाकडे निघालेली पावलं मागे फिरली.

"मी घाबरलेलो नाही!" साहेब म्हणाले.

"मग नका दाबू," मिस्त्री म्हणाले.

ताईंनी मिस्त्रींना बाहीला धरून बाजूला ओढलं. "बाहेरून उघडायची किल्ली कुठाय?"

मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "आहे. पण ही फिरवली की त्या दारापुढे 'यंत्र नापास' अशी नोंद होते. कायमची. कोणालाच पुसता येत नाही. तुम्हीच तसं करायला लावलं होतं."

"मला काय माहीत असं होईल!" ताई कळवळून म्हणाल्या. आजवर बाराही शाळांत एकही दार नापास झालं नव्हतं. तीच तर त्यांची सगळी कमाई होती. पण साहेब आत, पैसा साहेबांकडे, आणि शटर खाली यायला उरलेत अकरा दिवस! ताईंनी किल्ली भोकात घातली. नापास तर नापास. साहेबांची माफी मागू, यंत्राला चार शिव्या घालू, पैसा तर येईल!

तेवढ्यात पडद्यावरून एक बारीक आवाज आला. बेटावरच्या मुख्याध्यापिका. खाली भाषांतर सरकायला लागलं : 'ताई, दार बिघडलं आहे का? बिघडलं असेल तर तसं सांगा. पण खरं सांगा. माझ्याकडे दोनशे मुलं आहेत.'

ताईंचा हात तिथेच थबकला. त्यांना एकदम रडूच यायला लागलं. एवढ्या वर्षांत इतक्या लोकांनी त्यांना 'उदात्त' म्हटलं होतं, पण खरं सांगा, असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी किल्ली काढून परत मिस्त्रींच्या हातात दिली.

"नाही बाई," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "दार अगदी उत्तम आहे."

मग त्या वळल्या. पदर खोचला, कंबरेवर हात ठेवले आणि वीस वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गांना जागच्या जागी खिळवणारा तो आवाज त्यांच्या गळ्यातून कधी बाहेर पडला, ते त्यांनाही कळलं नाही!

"हे बघ बाळ! मी इथे बाहेर उभी आहे. मला कसलीही घाई नाही. मोबाइल आधी खिशात! साबण उजवीकडे आहे. दोन्ही हात, बोटांच्या मधे, अंगठे, आणि मागची बाजू! मी वीस मोजणार. चल!"

मिस्त्रींनी डोळेच मिटून घेतले. कंपनी गेली, पगार गेला, सगळं गेलं. नऊ देश श्वास रोखून बसले.

आतून अगदी लहान आवाज आला, "हो बाई."

नळ वाजला. साबणाचा पंप दोनदा दाबला गेला. "एक, दोन, तीन..." ताई मोजायला लागल्या. पाचाला मिस्त्रींनी सूर धरला. दहाला एकेका चौकोनातून वेगवेगळ्या भाषांत आकडे ऐकू यायला लागले, आणि सगळा गलका होऊन भाषांतराची पट्टी पार गोंधळून गेली. वीस!

खट्! कडी सरकली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं : 'हात स्वच्छ. शाबास!'

नऊ देशांत टाळ्यांचा कडकडाट! साहेब बाहेर आले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, कान लालबुंद. ते ताईंसमोर उभे राहिले आणि का कोण जाणे, त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. आधी तळवे, मग पालथे. ताईंनी वाकून तपासले.

"छान," त्या म्हणाल्या. आणि मग आपण काय केलं ते डोक्यात शिरून त्या मटकन खुर्चीवर बसल्या.

पहिल्यांदा हसू फुटलं ते अक्कांना. विणकाम बाजूला टाकून त्या अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, पन्नास वर्षं! पन्नास वर्षं आमची आई, मी, याची बायको, सगळ्या याच्या मागे लागलोय! घरात पाऊल टाकलं की नळ सोडतो आणि आरशात बघत उभा राहतो. वर भाषणं देतो ती निराळीच!"

"अक्का, पुरे!" साहेब म्हणाले. पण ते पडद्याच्या पट्टीकडे बघत होते. "एक क्रमांकाची युक्ती... ही तुम्हाला कुठे सापडली?"

"तिसरीतल्या एका द्वाड पोराकडे," ताई खालमानेने म्हणाल्या.

"मला वाटायचं ती माझी आहे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. मग हळूहळू त्यावर हसू पसरलं. "बाई, चौदा कंपन्या झाल्या माझ्या. मी काहीही बोललो की सगळे म्हणतात, बरोबर साहेब! आज पहिल्यांदाच एक यंत्र मला नाही म्हणालं. चार वेळा."

"तीन," मिस्त्री म्हणाले. "चौथ्यांदा ताई म्हणाल्या."

ताईंनी कपाळाला हात लावला. पण साहेब हसत सुटले होते, ते थांबेचनात. एवढंच नव्हे, तर पाचच मिनिटांत त्यांनी मिस्त्रींना दाराकडे ओढत नेलं. "तुमच्याकडे नसलेली एक युक्ती मला येते. अठरावी! शाळेत कधी कोणाला सापडली नाही. चला, दाखवतो!" पुढचा तासभर साहेब आणि मिस्त्री आत-बाहेर करत होते. मधूनच "हात्तिच्या! फसलं!" असा आरडाओरडा, मधूनच टाळ्या. अठरावी युक्ती कोणती, ते इथे सांगणार नाही, मुलं वाचतात. पण यंत्राला ती शिकवायला मिस्त्रींना आठवडा लागला.

तोवर अक्कांनी ताईंसमोर कागद ओढला आणि सही केली. "तीनशे शाळा," त्या म्हणाल्या. "आणि आणखी एक दार आमच्या घरी. ते आधी बसवायचं."

पडद्यावरच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, 'म्हणजे आमचं दार निघालं का?'

"निघालं, बाई!" ताई म्हणाल्या. या वेळी त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेसुद्धा नाहीत.

पाहुणे गेले. साहेबांनी गाडीत बसताना परत एकदा ताईंना हात दाखवले. ताई दोन पायऱ्या एकदम चढत वर आल्या, मिस्त्रींचा हात धरून गदागदा हलवला आणि म्हणाल्या, "बघितलंत? सांगितलं होतं ना, आज काहीही चुकणार नाही! आता त्या बाईंना, सगळ्यांना पत्रं लिहायचीत, कारखान्याला फोन करायचाय, कामं किती पडलीत! आलेच मी, एका मिनिटात!" आणि त्या पळत आत गेल्या. त्यांचंही बरोबरच होतं. सकाळपासून एवढा वेळ मिळाला होता कुठे? आणि जुन्या बाथरूमला तर त्यांनीच कुलूप घातलेलं!

मिस्त्री कप गोळा करत होते. भिंतीवरचा पडदा बंद करायचा राहूनच गेला होता. नऊ देशांतले शाळावाले अजून आपापल्या चौकोनांत बसून आनंदाने गप्पा मारत होते. पट्टीवर ओळ उमटली : 'मुख्य कार्यालय – एक मूल आत.' मग नळाचा आवाज आला. मग दुसरी ओळ.

'युक्ती क्रमांक एक.'

गप्पा थांबल्या. नऊ देश पडद्याकडे बघायला लागले. आतून कडी एकदा खडखडली, दोनदा खडखडली, आणि मग ती खडखड एकदम बंद झाली.

मिस्त्रींनी ट्रे खाली ठेवला, सावकाश दाराशी गेले आणि घसा साफ केला.

"ताई," ते म्हणाले, "साबण उजवीकडे आहे."